‘आवाज येतात का?’ हे खुणांनी कसं विचारायचं

“कानात आवाज येतात का, विचारा त्याला,” डॉक्टर म्हणाले. मी खुणांनी विचारलं. त्यानं लगेच मान हलवली. हो, येतात. “लोक आपल्याविषयी बोलतात असं वाटतं का?” तेही विचारलं. हो, सगळेच बोलतात. डॉक्टरांनी केसपेपरवर दोन ओळी लिहिल्या आणि औषधं दिली. बाहेर वीस-पंचवीस पेशंट ताटकळत होते. आमच्या वाट्याला सात-आठ मिनिटं आली, त्यातली निम्मी त्याच्या आईशी बोलण्यात गेली.

ही २०१९ च्या पावसाळ्यातली गोष्ट. मुलगा एकोणीस वर्षांचा, जन्मापासून बहिरा. त्याच्या आणि त्याच्या आईच्या परवानगीनं लिहिते आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. गाव माण तालुक्यातलं, चाकणला पॅकिंगचं काम. महिनाभर जेवण तुटलं होतं, रात्ररात्र जागा असायचा, आणि एक दिवस त्यानं खोलीतलं कपाट फोडलं. मी सांकेतिक भाषेची दुभाषी. माझे आई-बाबा दोघंही बहिरे, त्यामुळे तोंडानं बोलायच्या आधी मी हातानं बोलायला लागले. मी ‘बहिरे’ असंच लिहिते, कारण आई-बाबांना तोच शब्द चालतो. ‘मूकबधिर’ म्हटलेलं त्यांना आवडत नाही, मुके ते कधीच नव्हते. कोर्टात, बँकेत, लग्नाच्या बैठकीत, सगळीकडे मी दुभाषी म्हणून उभी राहिले होते. मनोविकारांच्या ओपीडीत मात्र पहिल्यांदाच.

बाहेर चहाच्या टपरीपाशी मी त्याला पुन्हा विचारलं, आवाज म्हणजे कसला? त्यानं खिशातून श्रवणयंत्र काढलं, शिबिरात मिळालेलं, आणि कानाजवळ बोटं थरथरवून दाखवली. कानात बसणारा साचा सैल झाला की यंत्र शिट्टी मारतं, ती त्याला टोचायची. आणि लोक बोलतात म्हणजे? त्यानं आईकडे बोट केलं, मग माझ्याकडे, मग आमच्या दोघींच्या ओठांकडे. दहा मिनिटांपूर्वी आम्ही त्याच्या समोर बसून त्याच्याविषयीच बोलत होतो. त्याचं म्हणणं अगदी खरं होतं.

मी परत आत गेले. डॉक्टरांनी ऐकून घेतलं, एक गोळी थांबवली, आठवड्यानं पुन्हा बोलावलं. आणि मला म्हणाले, “मग हे विचारायचं कसं, ते तुम्हीच सांगा.” मला सांगता आलं नाही. आयुष्यभर ही भाषा बोलत असून मला ते माहीत नव्हतं, याची खंत मला कितीतरी दिवस झोपू देत नव्हती.

उत्तर शोधण्यात पुढची काही वर्षं गेली, आणि त्यातलं बरंचसं देशाबाहेरून आलं. यात नवल नाही. २०११ च्या जनगणनेत भारतात श्रवणदोष असलेल्यांची संख्या ५० लाखांच्या वर होती. पण ही माणसं गावोगाव विखुरलेली. एखाद्या मनोविकारतज्ज्ञाकडे असा पेशंट क्वचित येणार, तर त्याचा हात त्यात बसणार कधी? जगात सगळीकडे हेच. म्हणून ज्या मोजक्या लोकांनी यात जन्म घातला, त्यांनी पहिल्यापासून एकमेकांना देशांच्या सीमेपलीकडे शोधलं. न्यूयॉर्कच्या सरकारी मनोविकार संस्थेत १९५५ मध्ये बहिऱ्यांसाठी काम सुरू झालं. इंग्लंडमध्ये प्रेस्टनजवळच्या व्हिटिंगहॅम रुग्णालयात डॉ. जॉन डेन्मार्क यांनी १९६८ मध्ये बहिऱ्यांसाठी वेगळा विभाग उघडला. ऑस्ट्रियात लिंझ शहरात १९९१ पासून असं एक केंद्र आहे, जिथे डॉक्टर आणि नर्सही खुणांनी बोलतात. १९९८ मध्ये वॉशिंग्टनच्या गॅलॉडेट विद्यापीठात या विषयाची पहिली जागतिक परिषद भरली, आणि २००५ ची दक्षिण आफ्रिकेतल्या वूस्टर या छोट्या गावात. बहिऱ्यांच्या शाळेसाठी ओळखलं जाणारं ते गाव. ती निवड मला फार आवडते.

हे सगळं मला तेव्हा ठाऊक नव्हतं. २०२० च्या टाळेबंदीत दुभाष्यांसाठी ऑनलाइन वर्ग निघाले, त्यातल्या एकात मी जाऊन बसले. शिकवणारी बाई इंग्लंडमधली समुपदेशक, स्वतः बहिरी. तिचं नाव इथे देत नाही, मला ती ताईसारखी आहे, म्हणून ताईच म्हणते. वर्ग संपल्यावर मी तिला टपरीवरची गोष्ट लिहून पाठवली. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. हीच गोष्ट तिनं अनेक देशांतल्या लोकांकडून ऐकली होती. फक्त श्रवणयंत्राच्या जागी कुठे कानातला गुणगुणाट होता, कुठे शेजारच्या गिरणीचा हादरा.

तिच्याकडून मला लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या जोआना अ‍ॅटकिन्सन यांचं काम कळलं. बहिऱ्या माणसाला भास होतात तेव्हा नेमकं काय होतं, हे त्यांनी बहिऱ्या पेशंटांनाच विचारलं. जन्मतः पूर्ण बहिरं असलेल्या माणसाला बहुधा ‘आवाज’ येतच नाही. आपल्याला कुणीतरी काहीतरी सांगितलं एवढं त्याला पक्कं जाणवतं. काहींना हलणारे ओठ किंवा खुणा करणारे हात पुसटसे दिसल्यासारखे वाटतात. म्हणजे विचारायचं ते असं: कुणी समोर नसताना कुणी तुझ्याशी बोललं असं झालं का? कसं कळलं? ओठ दिसले? हात दिसले? दाखव. कानाकडे बोट न्यायचंच नाही. मी ते वाचलं आणि वही बाजूला ठेवून थोडा वेळ नुसती बसून राहिले. त्या दिवशी मी कानाकडे बोट नेलं होतं.

दुसरी गोष्ट त्याहून खोल होती. त्या मुलाचं बोलणं विस्कळीत होतं. कालचं आधी, दहा वर्षांपूर्वीचं मध्येच, कुणी कुणाला मारलं याचा पत्ता नाही. ओपीडीत त्याचाही अर्थ ‘विचारांची साखळी तुटलेली’ असा लागला होता. बोस्टनजवळच्या केंब्रिजमध्ये काम करणारे डॉ. संजय गुलाटी स्वतः बहिरे आहेत, आणि त्यांच्यासह अमेरिकेतले काही तज्ज्ञ याला भाषावंचितता म्हणतात. लहानपणी, मेंदू भाषा पकडायच्या वयात असताना, मुलाला कुठलीच भाषा पुरती मिळाली नाही, तर पुढे काळाचा क्रम, कारण आणि परिणाम, ‘कुणी कुणाला’ हे सगळंच डळमळीत राहतं. ते वेड नसतं. आपल्या मुलाचा इतिहास तसाच होता. अकराव्या वर्षापर्यंत शाळा नाही. घरी पंधरा-वीस खुणा: जेव, झोप, शेळी, शेत, बाप येतोय. त्याच्या आईनं मला पहिल्या दिवशीच सांगितलं होतं, “आवं ताई, ल्हानपनापासनं त्यो असाच हाय, मधनंच कायबी सांगतुया.” तिला तपासणीत कुणी हे विचारलंच नव्हतं.

यावर बाहेरच्या देशांत एक उपाय रुळला आहे, तो मी ताईकडून उचलला. माझ्यासारखी ऐकणारी दुभाषी एकटी पुरत नाही. तिच्या आणि पेशंटच्या मध्ये एक बहिरा दुभाषी बसतो. डॉक्टरांचं मराठी मी खुणांत आणायचं, तो ते मोडून, चित्रासारखं करून, अभिनयानं पेशंटपर्यंत न्यायचा, आणि पेशंटचं तसंच उलट. पुण्यातल्या एका शाळेत शिकवणारे आमचे सर या कामाला तयार झाले. ते जन्मापासून बहिरे, त्यांच्या नावाची खूण भुवईवरच्या जुन्या व्रणाची. पहिल्याच बैठकीत त्यांनी मुलाला विचारलं काहीच नाही. खिशातून पोस्टकार्डाएवढा कागद काढला, त्यावर एक रेघ ओढली, एका टोकाला शेत आणि शेळी काढली, दुसऱ्या टोकाला चाकणचं शेड. मग पेन त्याच्या हातात दिलं. वीस मिनिटांत त्या रेघेवर आजीचं मरण, शाळा, हॉस्टेलमधली मारहाण, आणि कारखान्यातल्या एका मित्राचं काम सोडून जाणं, सगळं आपापल्या जागी आलं. तो मित्र त्या शेडमधला दुसरा एकमेव बहिरा. तो गेला त्या आठवड्यापासून याचं जेवण तुटलं होतं. डॉक्टर कागदाकडे बघत राहिले. नंतर त्यांनी निदान बदलून नैराश्याचं केलं.

त्याच आठवड्यात डॉक्टरांनी विषय काढला की नैराश्य किती खोल आहे ते मोजायची नऊ प्रश्नांची यादी खुणांत करता येईल का. पीएचक्यू-९ नावाची ही यादी जगभर वापरतात. गेल्या दोन आठवड्यांत अमुक त्रास किती दिवस झाला, असे नऊ प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, एकूण २७. भाषांतर करायला कुणाची परवानगी लागत नाही. ब्रिटिश सांकेतिक भाषेत ती आधीच झालेली होती, मँचेस्टर विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ मध्ये त्यावरचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. मला वाटलं, त्यांचे व्हिडिओ बघायचे आणि तसंच करायचं, महिन्याभराचं काम. दीड वर्ष गेलं.

दर गुरुवारी इथले रात्रीचे नऊ, तिथे दुपारचे साडेतीन. मार्चअखेरीला त्यांची घड्याळं पुढे सरकली की साडेचार. ताई, तिची दुभाषी, सर, मी, एक मानसशास्त्रज्ञ मॅडम. पहिल्या बैठकीला मी घाबरून गेले होते: ताईच्या खुणा ब्रिटिश, सरांच्या भारतीय, मध्ये इंग्रजी आणि मराठी, चार वेळा अर्थ बदलणार. झालं वेगळंच. दोन्ही भाषांची मुळाक्षरं दोन हातांची, ए-ई-आय-ओ-यू पाच बोटांच्या टोकांवर, तिकडेही आणि इकडेही. अर्ध्या तासात ताई आणि सर आम्हाला बाजूला ठेवून थेट बोलायला लागले. काही अक्षरं, काही अभिनय, काही आंतरराष्ट्रीय खुणा. आम्ही तिघी ऐकणाऱ्या स्क्रीनसमोर थांबून राहिलो, आणि मॅडम मला हळूच विचारत होत्या, काय म्हणताहेत? मला लहानपणची आठवण झाली, पाहुणे आले की आई-बाबा असंच मला विचारायचे.

सगळ्यात छळलं ते दुसऱ्या आणि आठव्या प्रश्नानं. दुसरा प्रश्न उदास, निराश वाटण्याचा. खुणांच्या भाषेत चेहरा हा व्याकरणाचा भाग आहे. हो-नाहीचा प्रश्न विचारताना भुवया वर जातात, मान किंचित पुढे येते, त्याशिवाय तो प्रश्नच होत नाही. पण ‘उदास’ ही खूण करताना चेहरा पडतो, आणि पडलेल्या चेहऱ्यानं विचारलं की समोरचा सहानुभूतीनं ‘हो’ म्हणून जातो. सर काळा शर्ट घालून निळ्या चादरीपुढे उभे, ट्यूबलाइट डोक्यावर, आणि एकाच वाक्याची सतरा-अठरा चित्रणं. खूण करताना चेहरा पडू द्यायचा, पण खूण संपता संपता भुवया उचलून चेहरा मोकळा करायचा, हे जमायला दोन रविवार लागले. ताईनं प्रत्येक चित्रण थांबवून थांबवून बघितलं. एकदा तिनं सरांच्या ओठाच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं, स्क्रीनवरच. तो कोपरा खाली राहिला होता. पुन्हा.

आठवा प्रश्न असा: हालचाल किंवा बोलणं इतकं मंदावलं का की इतरांच्या लक्षात यावं, किंवा उलट अस्वस्थपणे येरझारा? बहिऱ्या माणसाचं बोलणं मंदावतं म्हणजे हात मंदावतात. ‘बोलणं’ शब्दशः आणलं तर ओठांची खूण होते, आणि तो म्हणणार, मी तोंडानं बोलतच नाही. मग हात मंद. पण हात मंद आणि चालणं मंद एका वाक्यात आलं की लोक म्हणायचे, म्हातारा माणूस? दुखणं? आम्ही व्हिडिओ मूळ यादी न पाहिलेल्या एका दुभाष्याला दाखवायचो आणि तो मराठीत काय लिहून देतो ते बघायचो. पहिल्या प्रश्नातलं ‘कशातच रस नाही’ हे ‘कंटाळा आला’ होऊन परत आलं. आठव्याचं तर ‘आजारी आहेस का’ झालं. पेपर वाचताना लक्ष न लागण्याचा सातवा प्रश्न आम्ही मोबाइलवर व्हिडिओ बघण्याचा केला, आमच्यातले पेपर वाचणारे फार थोडे. त्यावर ताई आधी अडली, आशय ‘लक्ष लागणं’ हाच राहिला पाहिजे म्हणाली, मग मान्य झाली. नवव्या प्रश्नाला, मेलेलं बरं असं वाटण्याच्या, मी स्वतः सौम्य करू पाहत होते. ताईनं ते एका झटक्यात खोडलं. तिचं म्हणणं होतं, ऐकणाऱ्या पेशंटला स्पष्ट विचारतात, मग बहिऱ्याला आडवळणानं का? तो प्रश्न जसाच्या तसा राहिला. ती बरोबर होती.

‘अनेक दिवस’, ‘निम्म्याहून जास्त दिवस’, ‘जवळजवळ रोज’ हे पर्याय कुणालाच नीट कळेनात. सरांनी चौदा चौकोनांची पट्टी काढली, वर कालनिर्णयसारखे वार लिहिले. जेवढे दिवस त्रास, तेवढे चौकोन रंगवायचे. हे इंग्लंडच्या यादीत नाही. ताईनं त्याचा फोटो मागून घेतला, तिच्याकडच्या निर्वासित पेशंटांसाठी, ज्यांची कुठलीच भाषा पक्की नाही. आमच्याकडून तिकडे गेलेली ही एक पट्टी, मला तिचा मनापासून अभिमान आहे. देवाणघेवाण दोन्ही बाजूंनी व्हायची असेल तर अशी व्हायला हवी.

कायदा आपल्या बाजूनं आहे, हे मुद्दाम सांगते, कारण दवाखान्यांत ते माहीत नसतं. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ च्या चौथ्या कलमात लिहिलं आहे की उपचारांविषयीची माहिती पेशंटला समजेल अशा सोप्या भाषेत, किंवा सांकेतिक भाषेत, किंवा चित्रांच्या साहाय्यानं द्यायची. भारतानं २००७ मध्ये मंजूर केलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या अपंग हक्क करारात ३२ वं कलम तर देशादेशांतल्या सहकार्याचंच आहे. पण ओपीडीत दुभाष्याला पैसे कुठल्या खात्यातून द्यायचे याचं उत्तर मला आजवर एकाही ठिकाणी मिळालेलं नाही. मी आणि सर पदरच्या पैशानं गेलो. राष्ट्रीय मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६, ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली ती फोनवर बोलण्याची. त्या दिवशी माझ्या बाबांनी जाहिरात दाखवली आणि नुसतं कानाला हात लावून मान हलवली.

२०१२ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात लिंझच्या फेलिंगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा लेख आला होता. त्यातलं एक वाक्य मी सगळ्या पालकांना सांगते. ज्या बहिऱ्या मुलांना घरात आपलं म्हणणं समजावून देता येत नाही, त्यांना मानसिक आजार होण्याचं प्रमाण घरात नीट बोलता येणाऱ्या मुलांच्या चौपट आढळलं. औषधाचा यात काही संबंध नाही. घरात कुणी हातानं बोलतं का, एवढाच प्रश्न. त्या मुलाच्या आईला मी हे सांगितलं तेव्हा ती बराच वेळ पदराशी चाळा करत होती. मग म्हणाली, “मला शिकिवता का? वय झालंय, पर हात चालत्यात अजून.”

सर तिला दर रविवारी व्हिडिओ कॉलवर शिकवतात. आधी वर्गात इतर बायका असायच्या, आता ती एकटीच उरली आहे, आणि एकही रविवार चुकवत नाही. भुवया उचलणं तिला जड गेलं. आपल्याकडे बाईनं असं रोखून बघत विचारायची सवय नसते, सासरच्या माणसांपुढे तर नाहीच.

आमची यादी अजून पूर्ण झालेली नाही. पुण्याबाहेर, कोकणात, विदर्भात, वेगवेगळ्या शाळांत शिकलेल्या लोकांना ती कळते का हे तपासायचं आहे, आणि आठवा प्रश्न पुन्हा चित्रित करायचा आहे. डॉक्टर ती निदानासाठी वापरत नाहीत, बोलणं सुरू करायला वापरतात, आणि सध्या तेवढंच योग्य आहे.

मुलगा चाकणला परत कामावर आहे, औषध एकच उरलं आहे. गेल्या महिन्यात त्याच्या आईनं मला नऊ सेकंदांचा व्हिडिओ पाठवला. मागे गोठा, एका हातात मोबाइल धरलेला, त्यामुळे खुणा एकाच हातानं. ती त्याला विचारते आहे: रात्री, झोप, आली? भुवया वर. हा यादीतला तिसरा प्रश्न आहे, तिला तो कुणी यादीतून शिकवलेला नाही. त्याचं उत्तरही तिनं पुढे पाठवलं. चौदा चौकोनांची पट्टी, त्यात तीन रंगवलेले, आणि खाली शेळीचं चित्र, ती व्याली का हे विचारायला.